सीझन संपत आलाय आणि मॅरो हवाय? मग आधी उलटं मोजा

आधी एक गोंधळ मिटवून टाकू, कारण नवीन माणूस बी घेतानाच इथे अडकतो. मॅरो म्हणजे काही वेगळं झाड नाहीये. झुकिनी आणि मॅरो दोन्ही एकाच जातीचे, कुकुरबिटा पेपो, म्हणजे भोपळ्याच्याच घरातले. फळ वीतभर व्हायच्या आत तोडलं की ती झुकिनी, आणि तेच फळ वेलावर ठेवून दीड वीत होऊ दिलं, साल जरा जाड झाली, की तो मॅरो, ढोबळमानाने एवढंच. मॅरोसाठी म्हणून मुद्दाम तयार केलेले वाणही असतात, त्यांचं फळ मोठं झालं तरी गर बराच काळ बरा राहतो, पण तुमच्याकडे आधीच झुकिनीचं झाड उभं असेल तर वेगळं काहीच आणायची गरज नाही, दोन फळं तोडायची विसरा की झाला मॅरो. (बहुतेकांचा पहिला मॅरो असाच होतो. पानाखाली लपलेली झुकिनी आठ दिवसांनी सापडते तेव्हा ती झुकिनी उरलेली नसते.)

आता सीझनच्या शेवटी हे करणं वेगळं का आहे ते सांगतो. सुरुवातीला लावलं तर चुका पचतात, पाणी कमी पडलं, एखादं फूल गळलं, तरी झाड पुढे भरून काढतं. शेवटी शेवटी भरून काढायला दिवसच नसतात. दिवस लहान होत जातात, रात्री गार होतात, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, मधमाश्या कमी होतात, आणि हे सगळं एकाच महिन्यात. पहिल्या वर्षी माझ्या एका झाडावर नऊ फळं धरली होती आणि मी खुशीत सगळी ठेवली, म्हटलं नऊ मॅरो होतील! झाला एकही नाही. नऊच्या नऊ अर्धवट, आणि मग एका रात्री गारठ्याने झाड बसलं ते बसलंच. तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळतो, गारठा कधी येणार तो दिवस धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचं. किती फळं ठेवायची, कधी शेंडा खुडायचा, बी टाकायचं की नाही, सगळं त्या मोजणीतून ठरतं.

मोजणी कशी करायची

तुमच्याकडे रात्रीचं तापमान साधारण कधी १० डिग्रीच्या खाली जायला लागतं ते बघा. दव गोठायची तारीख नाही, १० डिग्रीची. कारण हे झाड मूळचं उबदार मुलखातलं, मेक्सिकोतल्या ग्विला नाकित्झ नावाच्या गुहेत याच जातीच्या जवळपास १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्यात, तेव्हापासून माणूस हे लावतोय पण झाडाला थंडी काही सोसायला शिकवता आली नाही. १० च्या खाली वाढ जवळजवळ थांबते, आणि शून्याला पोचलं की पानं एका रात्रीत काळी पडून लोंबतात. म्हणजे तुमची खरी डेडलाइन दव गोठायच्या बरीच आधी येते, आणि नवीन लोक नेमके इथेच फसतात.

त्या तारखेपासून मागे या. बी पेरल्यापासून मादी फुलं दिसायला ४० ते ५० दिवस धरा. फूल फळल्यावर खाण्याजोगा मॅरो व्हायला उबेत ३ आठवडे लागतात, पण हवा गार होत चालली असेल तर तेच ४ ते ५ आठवडे होतात. वर आठ-दहा दिवस पावसाचे, ढगाळ, आपल्या आळसाचे. बेरीज साधारण ९० दिवस. तुमच्या हातात ९० किंवा जास्त दिवस असतील तर बिनधास्त पेरा. ७० ते ९० असतील तरी पेरा, पण झुडूप प्रकारचा वाण घ्या आणि एका झाडावर एकच, फार तर दोन फळं धरायची हे आत्ताच मनाशी पक्कं करा. ५० ते ७० असतील तर मॅरोचा नाद सोडा, कोवळ्या झुकिन्या मिळतील त्या खा. त्याहून कमी असतील तर बी पुढच्या सीझनला ठेवून द्या आणि बागेत जी झाडं आधीच उभी आहेत त्यांच्यावरच मॅरो धरा, ते सगळ्यात सोपं आणि खरं सांगायचं तर नवख्या माणसाने पहिल्या वर्षी हेच करावं.

अजून एक, साठवून ठेवायचा कडक सालीचा मॅरो हवा असेल तर फळ धरल्यावर दीड-दोन महिने लागतात. तो उशिरा पेरलेल्या झाडावर सहसा होत नाही, तो जुन्या झाडावरच्या लवकर धरलेल्या फळातून घ्यायचा.

वाण

फार खोलात जात नाही. मॅरोत दोन तऱ्हा, लांब पसरणारा वेल आणि एका जागी बसणारं झुडूप. उशिरासाठी झुडूपच. वेल आधी दोन-तीन मीटर पळतो आणि मग फळाचा विचार करतो, आपल्याकडे तेवढा वेळ नाही. टायगर क्रॉस हा झुडूप प्रकारातला संकरित वाण आहे, काकडीवर येणाऱ्या मोझॅक व्हायरसला बऱ्यापैकी टिकतो म्हणून उशिरा लावायला बरा, आणि बुश बेबीची फळंच लहान असतात त्यामुळे लवकर पुरी होतात. लाँग ग्रीन ट्रेलिंग हा जुना वेलाचा वाण, फळ मस्त येतं, पण तो लवकर लावायचा. यातलं काहीच मिळालं नाही तर साधी हिरवी झुकिनी लावा, चालतंय.

पेरणी

बी थेट जमिनीत टाकायचं की कपात? जमीन अजून गरम असेल तर थेट टाका, रोप हलवावं लागत नाही आणि हलवल्यावर ते चार-पाच दिवस रुसून बसतं तेही वाचतं. पण जमीन १५ डिग्रीच्या खाली गेली असेल तर बी कुजतं, मग कागदी कपात घरात उबेत रोप करा. या जातीच्या मुळांना धक्का अजिबात सोसत नाही, म्हणून कप असा घ्या की जो कपासकट मातीत गाडता येईल, नाहीतर निदान बुडापासून कापून अलगद काढता येईल.

बी साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर खोल, आणि आडवं न ठेवता कडेवर उभं, म्हणजे सपाट बाजूवर पाणी साचून राहत नाही. बी रात्रभर भिजवायचा सल्ला बरेच जण देतात, मी देणार नाही. ताजं बी २५ डिग्रीच्या आसपास पाच-सात दिवसांत न भिजवताही उगवतं, आणि भिजवलेलं गार मातीत पडलं की कुजायला टपलेलंच असतं. एका कपात दोन बिया टाका, दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने कापा, उपटू नका, उपटलं की शेजारच्याची मुळं पण हलतात.

खरी पानं दोन-तीन आली की रोप बाहेर. उगवल्यापासून साधारण तीन आठवड्यांत हे व्हायला हवं. यापेक्षा जास्त दिवस कपात राहिलेलं रोप वर पानं काढतं पण खाली मुळं गोल गोल फिरून अडकतात, आणि मग जमिनीत गेल्यावर ते तिथेच विचार करत बसतं. घरातून एकदम उन्हात पण नको, चार-पाच दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून सवय लावा.

जागा आणि माती

इथे थोडा वेळ घालवा कारण उशिराच्या झाडाला ऊन हेच सगळ्यात कमी पडतं. सीझनच्या शेवटी सूर्य खाली कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी जिथे दिवसभर ऊन होतं तिथे आता भिंतीची नाहीतर झाडाची सावली असू शकते. सकाळी, दुपारी, चारच्या सुमाराला असं तीनदा जाऊन बघा आणि सहा तासांहून जास्त ऊन मिळतं ती जागा धरा. मागे दगडाची किंवा विटांची भिंत असेल तर उत्तम, ती दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, झाडाला दोन-तीन डिग्रीचा जरी आधार मिळाला तरी फळाला आठवडा मिळाल्यासारखं होतं.

हात-दीड हात रुंद आणि हातभर खोल खड्डा, त्यात अर्धं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि अर्धी तीच माती. कच्चं खत नको. खड्डा भरताना वर थोडा उंचवटा करा, म्हणजे पाणी खोडाशी साचत नाही आणि उंचावलेली माती लवकर तापते. झुडूप प्रकारात दोन झाडांत ९० सेंटीमीटर, वेल असेल तर दीड मीटर. आता तेवढ्या जागेत एकच झाड बघून जीव तळमळतो आणि माणूस मध्ये अजून एक खुपसतो, मीही खुपसलंय, आणि मग पानांत हवा खेळत नाही, भुरी इकडून तिकडे महिनाभर लवकर पसरते. कुंडीत लावणार असाल तर कमीत कमी ३५-४० लिटरची कुंडी नाहीतर ग्रो बॅग, आणि एका कुंडीत एकच झाड.

पाणी, खत

पाणी बुडाशी, पानांवर नाही, आणि सकाळी. उन्हाळ्यात संध्याकाळी दिलं तरी चालतं, पण रात्री गार असताना संध्याकाळी भिजलेली माती रात्रभर गारच राहते. किती द्यायचं हे मगात, लिटरात असं मी मोजत नाही, बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, आत कोरडं लागलं तर भरपूर द्यायचं, ओलं लागलं तर उद्या बघू. महत्त्वाचं म्हणजे कोरडं-ओलं-कोरडं असं करत राहायचं नाही. पाण्यात असा खेळ झाला की फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही आणि टोक आतून तपकिरी, चामड्यासारखं होतं. मातीत कॅल्शियम असतंच, पण ते पाण्यासोबतच वर चढतं. त्यामुळे अंड्याची टरफलं टाकून आजचं फळ सुधारत नाही, पाणी नियमित केलं की पुढची सुधारतात. मातीवर वाळलेल्या गवताचा किंवा पानांचा थर टाकला की निम्मं काम होतं.

दुपारी पानं मलूल होऊन खाली पडलेली दिसली तर लगेच पाइप घेऊन धावू नका. पानं एवढी मोठी असतात की भर उन्हात मुळं तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत. ऊन उतरल्यावर आपोआप उभी राहिली तर सगळं ठीक. संध्याकाळी पण पडलेलीच असतील तर तहान आहे, किंवा खोडात काही घुसलंय, ते खोड जमिनीजवळ फिरवून बघा.

खताचं थोडक्यात. फुलं यायच्या आधी कंपोस्ट पुरेसं आहे. फळं धरायला लागली की पोटॅश जास्त असलेलं द्रवखत, टोमॅटोला देतात तसलं, दर १०-१४ दिवसांनी. युरिया किंवा नत्राचं काहीही उशिरा देऊ नका, झाड हिरवंगार होतं, बघणारे वा वा करतात आणि फळ जागेवर थांबतं.

फुलं, आणि मधमाशी आली नाही तर

हा भाग नीट वाचा, उशिराच्या मॅरोत ७०-८० टक्के नाराजी इथूनच येते असं माझं मत झालंय.

एकाच झाडावर नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा बाळमॅरो आधीच असतो, नर फुलाला नुसता लांब बारीक देठ. परागकण नराकडून मादीकडे गेले तरच तो बाळमॅरो वाढतो, नाहीतर चार-पाच दिवस नुसता तसाच राहतो, टोकाकडून पिवळा पडतो, मऊ होतो आणि गळतो. याला लोक रोग समजून औषध मारत बसतात. रोग नाहीये, लग्न झालेलं नाहीये.

आता गंमत अशी की भर सीझनला, दिवस मोठे आणि गरम असताना, झाड आधी ढीगभर नर फुलं काढतं आणि मादी मागून येतात. दिवस लहान झाले, रात्री गार झाल्या की पारडं मादीकडे झुकतं. म्हणजे सीझनच्या शेवटी असं होतं की सकाळी तीन मादी फुलं उघडलीत आणि नर एकही नाही. अशा वेळी शेजारच्या झुकिनीचं नर फूल आणलं तरी काम होतं, कारण जात एकच. फळाची चव त्याने बदलत नाही, फक्त आतल्या बियांत संकर होतो. दुधी, काकडी, दोडका यांचं फूल चालत नाही. लाल भोपळा सहसा वेगळ्या जातीचा असतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

हाताने परागीभवन करायचं तर असं. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ जा, ज्या कळ्यांचं टोक पिवळं-केशरी झालंय पण उघडलेलं नाही त्या उद्या सकाळी उघडणार. मादी कुठली, नर कुठला ते बघून ठेवा. सकाळी लवकर जा, फुलं उजाडताना उघडतात आणि ऊन चढलं की मिटायला लागतात, दहानंतर गेलात तर उशीर झालेला असतो. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोला, मधला दांडा उरेल त्यावर पिवळी भुकटी असते. ती बोटाला लावून बघा, लागली तर ताजं आहे. मग तो दांडा मादी फुलाच्या आतल्या गड्ड्यावर सगळीकडून हलकेच फिरवा, एका बाजूने नाही, सगळीकडून, कारण एकाच बाजूला पराग लागले तर फळ एका बाजूनेच फुगतं आणि वाकडं होतं. एका नराने दोन माद्या होतात. पावसाची लक्षणं असतील तर नंतर मादी फुलाच्या पाकळ्या दोऱ्याने सैल बांधून टाका, आत पाणी शिरत नाही.

दोन-तीन दिवसांत बाळमॅरोची मान खाली झुकली आणि रंग गडद, तकतकीत झाला तर धरलं. देठाला रंगीत दोरा बांधून तारीख लिहून ठेवा. कंटाळवाणं वाटतं, पण शेवटी याच दोऱ्याकडे बघून ठरतं की हे फळ पुरं होणार की आत्ताच तोडून खायचं.

फळं कमी करा (हात थरथरतो, तरी करा)

झाडाला दिवसाला मिळणारं ऊन ठरलेलं, त्यातून होणारी साखर ठरलेली, ती नऊ जणांत वाटायची की दोघांत हे तुमच्या हातात. उशिरा लावलेल्या झुडपावर एक किंवा दोन, जुन्या दणकट झाडावर तीन, याच्या वर नाही. बाकीची बोटभर झाली की झुकिनी म्हणून तोडा आणि तोडतच राहा. ठेवायचं फळ निवडताना लवकर धरलेलं, सरळ, जाड देठाचं आणि खोडाजवळचं निवडा.

गारठ्याच्या तारखेच्या चार आठवडे आधीपासून नवीन मादी फुलं सरळ खुडा, त्यांचं आता काही होणार नाही. वेल प्रकार असेल तर शेवटच्या ठेवलेल्या फळापुढे दोन-तीन पानं सोडून शेंडा मोडा. पानं मात्र उगाच काढू नका. फळाला ऊन लागावं म्हणून झाड बोडकं करणारे लोक मी बघितलेत. फळ उन्हाने वाढत नाही, पानाने वाढतं. अगदी खालची पिवळी, मातीला टेकलेली, भुरीने पांढरी झालेली तेवढीच काढा.

फळाखाली फरशीचा तुकडा, लाकडी फळी नाहीतर सुकं गवत सरकवा. ओल्या मातीला टेकलेली बाजू सडते आणि गोगलगायींना तर तो बुफेच. पण सरकवताना फळ उचलून फिरवू नका, देठ कडाकन तुटतो. तुटल्यावर आपण दोन मिनिटं नुसतं बघत बसतो.

किती मोठं होऊ द्यायचं? २५ ते ३० सेंटीमीटर, बस. २०२१ ला इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या शोमध्ये ११६ किलोचा मॅरो आणला होता, तो तेव्हा रेकॉर्ड ठरला, पण त्या लोकांचा खेळ वेगळा, ते खाण्यासाठी नसतं. जितका मोठा तितका गर पाणचट आणि धागेदार.

भुरी आणि बाकीचे पाहुणे

उशिराच्या झाडावर भुरी येणारच, मानून चला. पानांवर पीठ शिंपडल्यासारखे गोल डाग, आधी जुन्या पानांवर, मग सगळीकडे. पण आधी एक खात्री करा, या जातीच्या बऱ्याच वाणांत पानाच्या शिरांच्या फाट्यांत जन्मजात चंदेरी ठिपके असतात. बोटाने पुसून बघा, पुसलं गेलं तर भुरी, नाही गेलं तर नक्षी. मी एकदा नक्षीवर पंधरा दिवस फवारणी केली होती.

भुरीला बाकीच्या बुरशींसारखं ओलं पान लागत नाही, कोरडं पान आणि दमट हवा असली की तिचं जमतं, वर मुळं कोरडी पडली की झाड अजून लवकर बळी पडतं. म्हणून अंतर, नियमित पाणी आणि सुरुवातीची खराब पानं काढणं हे आधी. फवारणीत दूध-पाणी खरंच चालतं, वॅग्नर बेतिओल नावाच्या ब्राझीलच्या संशोधकाने १९९९ साली झुकिनीवरच याचा अभ्यास छापला होता, ग्रीनहाउसमधला. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एक-दोनदा, पानाच्या दोन्ही बाजूंना, आणि उन्हाच्या दिवशी सकाळी. पान पूर्ण पांढरं झाल्यावर मारून उपयोग नाही, पहिले दोन डाग दिसले की सुरू करा. आणि खरं म्हणजे फळ पुरं व्हायला पंधराच दिवस राहिले असतील तर थोडी भुरी राहू द्या, झाड तसंही जाणारच आहे.

पानं गोळा झालेली, पिवळी-हिरवी चट्टेदार, फळावर फोड असतील तर तो मोझॅक व्हायरस, त्याला औषध नाही, झाड उपटून टाका आणि नंतर हात धुवा. हा रोग मावा नावाचे बारीक किडे पसरवतात म्हणून पानांची खालची बाजू अधूनमधून बघत जा. आणि फळाच्या टोकाला वाळलेलं फूल चिकटून राहतं ना, दमट दिवसांत तिथूनच करडी बुरशी फळात शिरते. फूल सुकलं की हलक्या हाताने काढून टाका, ओढावं लागत असेल तर अजून एक दिवस थांबा.

गार रात्री

रात्री १२ डिग्रीच्या आसपास यायला लागल्या की संध्याकाळी ऊन जायच्या आधी झाडावर कापड टाका, बागेचं पांढरं फ्लीस असेल तर तेच, नाहीतर जुनी चादर. चार काठ्या रोवून त्यावर टाका, पानाला टेकलेलं कापड जिथे टेकतं तिथे थंडी आरपार देतं. कडा मातीपर्यंत आणून दगडांनी दाबा, कारण ऊब मातीतून वर येते, तीच अडवायची आहे. काळ्या रंगाच्या बाटल्यांत पाणी भरून आत ठेवल्या तर अजून थोडी मदत. सकाळी कापड काढायचं विसरू नका, फुलं उघडी असतील तर मधमाशीला दार बंद मिळतं आणि ऊन चढलं की आत वाफ धरून बुरशी येते. यातून थंडी जाणार नाही, आठवडा-दहा दिवस मिळतील. बऱ्याचदा तेवढेच हवे असतात.

तोडणी

नख लावून बघा. नख सहज रुतलं तर फळ कोवळं, आत्ता खायला उत्तम पण टिकणार नाही. नख रुतलं नाही, नुसता ओरखडा उठला, देठ सुकून बुचासारखा झाला, साल चमकदार न राहता मंद झाली आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तो साठवणीचा. जमिनीकडची बाजू पिवळट असेल, ते बिघाडाचं लक्षण नाही. नख देठाजवळ कुठेतरी आडजागी लावा, भर पोटात नाही, त्या ओरखड्यातूनच पुढे सड शिरते.

कोरडा दिवस बघा आणि दव उडाल्यावर तोडा. धारदार सुरी किंवा कात्री, फळाला ४-५ सेंटीमीटर देठ ठेवून. पिळून तोडू नका. उचलताना पोटाखाली हात घाला, देठाला धरून उचललं की देठ हातात आणि मॅरो पायावर.

हवामान खात्याने दव गोठायची शक्यता सांगितली की त्या दिवशी हिशोब बंद, लहान-मोठं जे असेल ते सगळं उतरवा. अजून दोन दिवसांत वाढेल म्हणून ठेवलेलं फळ गोठलं की सालीवर पाणी मुरल्यासारखे काचेरी डाग पडतात आणि ते आठवडाभरात आतून बसतं. तसं झालंच तर चांगला भाग कापून त्याच दिवशी शिजवा.

नंतर

कडक सालीचे मॅरो आठ-दहा दिवस उन्हात, किंवा बाहेर गार असेल तर घरात उबदार कोरड्या जागी ठेवा, साल अजून घट्ट होते. मग १० ते १५ डिग्रीची, हवा खेळती असलेली कोरडी जागा, फळीवर एकेक सुटं, एकमेकांना न टेकता. चांगला पिकलेला दोन महिने सहज जातो. अख्खा मॅरो फ्रिजमध्ये नको, १० च्या खाली सालीला खड्डे पडतात. कापलेला तुकडा मात्र झाकून फ्रिजमध्येच, तीन-चार दिवसांत संपवा. मोठ्या फळाची साल काढायची, मधला बियांचा मऊ भाग चमच्याने खरवडून टाकायचा, उरलेला गर पाणी सोडतो म्हणून मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळून घेतला की बरा लागतो.

आणि हे मी शेवटी लिहितोय पण प्रत्येक फळाला करायचं. शिजवायच्या आधी गराचा नखाएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ फेकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे येतो, ते शिजवून जात नाही, आणि त्याने जोरदार उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात पोचू शकतो. मसाला घालून कडू झाकायचा प्रयत्न तर अजिबात नको. हे बहुतेक घरी धरलेल्या बियांत होतं, शोभेच्या भोपळ्याशी संकर होऊन, म्हणून आपल्याच मॅरोचं बी धरून पुढच्या वेळी लावायचा मोह टाळा. वर जो मी शेजारच्या नर फुलाचा जुगाड सांगितला ना, त्या फळाचं बी तर नकोच.

उपटलेलं झाड तसंच बागेत पडू देऊ नका. भुरीची पानं गरम होणाऱ्या मोठ्या ढिगात चालतात, लहान गार ढिगात नकोत, व्हायरसवालं झाड कुठल्याच ढिगात नको. खड्ड्यातली माती अजून कसदार असते, तिथे लगेच दुसरं काही लावता येतं, फक्त भोपळा-काकडीच्या घरातलं नको. फळीवरचे मॅरो आठवड्यातून एकदा उचलून बुडाला दाबून बघा, मऊ लागला तो त्याच दिवशी कापायला घ्या.